भादरलेलं कुत्रं

तिला सगळे चिमटी म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात पडून असे, तिथून ते कधी कुणाच्या तोंडावर आलं नाही. लोकरीच्या वखारीत छत्तीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसली. टेबल खिडकीला लागून होतं, उजेड डाव्या खांद्यावरून यायचा. पण गठ्ठा समोर आला की ती आधी बघायचीच नाही. डोळ्यांना कुणीही बनवतं, असं तिचं म्हणणं. ती चार केस चिमटीत धरायची, अंगठा तर्जनीवरून एकदा पुढं, एकदा मागं न्यायची आणि बोलून मोकळी व्हायची.

"ही खांद्याची. ही मागच्या पायाची, राठ आहे, बाजूला टाका. आणि ही मेंढी मधे आजारी होती बघा, केस बारीक झालाय. इथं तुटणार."

मग ती केस दोन्ही हातांनी ताणायची आणि तो बरोबर तिथंच तुटायचा. मेंढ्या आणणारे लोक कान खाजवत उभे राहायचे. आपली मेंढी आजारी होती हे कित्येकदा त्यांनाही तेव्हाच कळायचं.

आता वखारीत तेवढी लोकर येत नाही. पुढची निम्मी खोली कुणा पुठ्ठेवाल्याला दिलीय आणि चिमटी, वय एकोणसत्तर, मागच्या दाराशी बसून लोकांच्या शाली-स्वेटर रफू करून देते. कुणी घरी जा म्हणत नाही आणि तिलाही घरी काही वाट बघणारं नाही. एक खोली, दोन खाटा. दुसऱ्या खाटेवर ती इस्त्रीचे कपडे ठेवते, पण रात्री झोपताना उचलून खुर्चीवर टाकते आणि सकाळी परत खाटेवर. बावीस वर्षं झाली. का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

ती खाट धाकटीची.

धाकटी म्हणजे तिची बहीण, सहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. थोरलीनंच तिची वेणी घातली, तिच्या उवा मारल्या, आणि हात रिकामा दिसला की उगाच भटकेल म्हणून हातात सूत कातायची चाती दिली. पोरीनं काय कातावं. दोन वर्षांत थोरलीच्या पुढं गेली. एकच खोड होती तिला. दर हातभर सूत झालं की बोट जिभेला लावायची आणि सुताला एक कडक पीळ मारायची. थोरली चिडायची.

"चाटतेस काय गं मांजरीसारखी. सूत आहे का साय?"

"ताई, तू कात ना तुझं."

ती खोड काही गेली नाही. पुढं दोघीही वखारीत लागल्या. थोरली पारखायला, धाकटी कातायला.

आता मेंढी आणि कुत्रं यांतला फरक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मेंढीचा केस सरळ नसतो, अंगानं नागमोडी असतो. मुठीत दाबा, सोडा, परत फुलतो. अंगावर बारीक खवले असतात, म्हणून एक केस दुसऱ्याला धरून राहतो आणि सूत आपोआप जमत जातं. कुत्र्याचं तसं नाही. वरचे केस राठ, ते कामाचेच नाहीत. पण त्यांच्या खाली जी मऊ लव असते ती मात्र अशी असते की हात आत गेला की बाहेर काढवत नाही. ऊब मेंढीहून जास्त. खोट एवढीच की ती निसरडी असते, एकमेकीला धरत नाही, दाबली की दबून बसते. नुसत्या लवेचं सूत म्हणजे हात सुटलेली पोरं, चार दिवसांत पांगणार. मेंढीत मिसळून कातली तर टिकते. जाळून बघावं म्हटलं तर फरक सापडत नाही, दोन्हीला जळक्या केसांचाच वास येतो. बोटांनाच कळतं, आणि तेही सगळ्यांच्या नाही.

बावीस वर्षांपूर्वी धाकटीनं एक केसाळ कुत्री पाळली होती. त्या वर्षी आलेली लोकर काथ्यासारखी होती. बायकांच्या बोटांना चिरा पडल्या. अशात धाकटीच्या सुताची लड टेबलावर आली ती लोण्यासारखी. वखारीचा मालक खूश, बायका हेवा करताहेत, आणि चिमटीनं ती चिमटीत धरली.

तिला लगेच कळलं. तिनं लड पाण्यात बुडवली, मुठीत आवळली, आणि मूठ उघडली. लोकर असती तर उठून बसली असती. ती तशीच चेपून पडली होती.

"यात कुत्रं आहे," ती म्हणाली.

वखारीचा नियम शुद्ध लोकरीचा. चिमटी खरंच बोलली होती, हेच तर दुखणं. खोटं बोलली असती तर माफी मागून मोकळी झाली असती. पण ती खरं बोलली, चाळीस बायकांसमोर बोलली, आणि जे संध्याकाळी घरी चहा ठेवता ठेवता सांगता आलं असतं ते तिनं टेबलावरून सांगितलं. मागून कुणीतरी भुंकलं. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी आत आली तेव्हा तिघी भुंकल्या. पंधरा दिवस हे चाललं. चिमटी टेबलाशी मान खाली घालून बसून राहिली, एकदाही गप्प बसा म्हणाली नाही. आपणच पकडलं आणि आपणच पांघरूण घालायचं, हे तिला जमेना.

सोळाव्या दिवशी धाकटी कुत्रीला घेऊन गेली. कुठं, ते सांगितलं नाही. चरखा खोलीतच राहिला होता, तोही महिन्याभरानं कुणा टेम्पोवाल्याकडून मागवून घेतला. टेम्पोवाल्याला पत्ता विचारला तर म्हणाला, "सांगू नको म्हणाल्यात."

तेव्हापासून एखादी चांगली लोकर हाताला लागली की चिमटीची मान आपसूक डावीकडं वळायची. तिकडं धाकटी बसायची. तिथं पुढं दुसरी बाई बसली, मग तिसरी, आता पुठ्ठ्यांची चळत आहे. मान अजून वळते.

आणि अलीकडं नवीनच सुरू झालेलं. बोटं बधिर व्हायला लागली होती. सुई टोचली तरी रक्त दिसल्यावर कळायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही. जिचं नावच चिमटी, तिनं काय सांगावं.

अशात एका सकाळी दातांची डॉक्टरीण एक राखाडी शाल घेऊन आली.

"किनार बघा हो. उंदरानं कुरतडलीय."

"उंदीर कशाला, कसर लागलीय," चिमटीनं शाल मांडीवर घेतली. हात आत गेला आणि तिथंच राहिला. मऊ, निसरडी, दबून बसणारी. कुत्रं आहे, हे बोटांनी तिच्याआधी ओळखलं. मग तिनं उसवलेला एक धागा ओढला, आणि तो बोटांतून सरकताना एके ठिकाणी अडला. कडक पीळ. हातभर पुढं परत एक. तिनं डोळे मिटले आणि तिसरा येईपर्यंत धागा ओढत राहिली. डॉक्टरीण घाबरली.

"अहो, उसवताय का विणताय?"

"कुठून घेतली ही?"

"का? भेसळ आहे का?"

छत्तीस वर्षांत या प्रश्नाला चिमटीनं 'आहे' किंवा 'नाही' यापलीकडं कधी उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "ऊब लागते ना?"

"काय सांगू. थंडीत अंगावरून काढवत नाही."

"मग झालं तर."

शाल डॉक्टरणीच्या नणंदेनं दिली होती. नणंदेचं गाव बसनं पाच तासांवर. तिथं सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर एक बाई राहते, कातते, विणते, कुणाशी फार बोलत नाही. नणंद दर महिन्याला इकडं येते.

चिमटीनं तीन दिवस किनार रफू केली. एका दिवसाचं काम. करताना विचार एकच. जावं तर कुठलं तोंड घेऊन जावं? पत्र लिहावं तर काय लिहावं? मी चुकले म्हणावं तर पारख चुकली नव्हती. तू चुकलीस म्हणावं तर बावीस वर्षांनी पुन्हा तेच. शेवटी तिनं ठरवलं, आपणच कुत्र्याचं सूत कातायचं. तीन भाग मेंढी, एक भाग कुत्रं. शुद्ध लोकरीच्या बाईनं हे केलं म्हणजे काय ते धाकटीला कळेल. तिच्या हाताला कळेल.

कुत्रं वखारीच्या अंगणातच होतं. लांब केसांचं, कुणीतरी हौसेनं आणून मग सोडून दिलेलं, वॉचमनच्या डब्यातलं खाऊन जगणारं. चिमटीनं त्याला आजवर हाड करून हाकललेलं. त्या दिवशी ती मेंढीची कातर घेऊन बाहेर आली.

"बाई, हे कुत्रं आहे," वॉचमन म्हणाला.

"मला डोळे आहेत. मान धरा."

"चावलं तर?"

"तुम्हाला चावेल, मान तुम्ही धरलीय."

तिनं पोटापासून सुरुवात केली, मग बगल, मग पाठ, अगदी मेंढीची रीत. कातडीला एक ओरखडा नाही. सगळी केसाळ खोळ सलग उतरवून तिनं ती जमिनीवर पसरली तेव्हा वॉचमननंही मान डोलावली. मग त्यानं कुत्र्याकडं पाहिलं. त्याची पार रया गेली होती. कान तेवढे मोठे, बाकी नुसता उंदीर.

"आता याला बें करायला शिकवा," वॉचमन म्हणाला.

कातायला मात्र तिला घाम फुटला. पिंजून वळलेल्या पेळूतून लव निसटायची, पीळ धरायचा नाही, सूत मधेच सुटून चाती टणकन फरशीवर पडायची. बधिर बोटांना कळायचं नाही की सुटतंय, आवाज झाल्यावरच कळायचं. पोरवयात धाकटी कशी शिकली असेल, हे तिला पहिल्यांदा कळत होतं. आणि दर हातभर सूत का चाटायची तेही. त्या खोडीनंच तर पुढं लव बांधून ठेवली. तीन आठवड्यांत एक लड झाली. तिनं ती गालाला लावून पाहिली. थोडी टोचली. नवी आहे, बसेल, असं म्हणून तिनं ती कागदात गुंडाळली आणि नणंदेच्या हाती दिली. चिठ्ठी घातली नाही.

इकडं थंडी पडली आणि भादरलेलं कुत्रं कुडकुडायला लागलं. रात्रभर वखारीच्या दाराशी दातावर दात. वॉचमन म्हणाला, "तुम्ही काढलंय, तुम्हीच घाला." चिमटीनं स्वतःचा जुना स्वेटर उसवून त्याला बंडी विणली, चार पायांना चार भोकं, आणि त्याला घरी नेलं. झालं. गल्लीतल्या लोकांना विषय मिळाला.

"चिमटीबाई, दूध देते का हो ही मेंढी?"

"तुझ्याएवढं बडबडत नाही, तेवढं पुरे आहे मला."

कुत्रं दुसऱ्या खाटेवर चढून झोपायला लागलं. पहिल्या रात्री तिनं त्याला दोनदा खाली ढकललं. तिसऱ्यांदा ढकलायला उठली आणि तशीच बसून राहिली. त्या खाटेवर श्वास ऐकून बावीस वर्षं झाली होती.

महिन्यानं डॉक्टरीण कागदाचं तेच पुडकं घेऊन आली. उघडलं तर आत तीच लड. लडीला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली, जशी चिमटी वखारीत प्रत्येक लडीला लावायची तशी, उजव्या कोपऱ्यात तिरपी. तिच्याच पद्धतीनं वर शेरा मारलेला: नापास. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं,

"कातरलंस ना? कातरलेल्याची टोकं बोथट असतात, म्हणून टोचतात. आणि वरचे राठ केस पण आलेत सगळे. मेंढी भादरायची असते, कुत्रं विंचरायचं असतं. थंडी सरताना लव आपली आपण सुटते, तेवढीच घ्यायची. तशी मिळाली तर घेऊन ये."

चिमटी चिठ्ठी वाचून हसली. मग परत वाचली आणि तिला हसू येईना. ज्या बोटांनी मेंढीचं आजारपण सांगितलं त्यांना हे कळलं नव्हतं, आणि गालाला टोचतंय हे कळूनही तिनं दुर्लक्ष केलं होतं. पण शेवटी "पाठव" नव्हतं लिहिलेलं. घेऊन ये, असं होतं.

"काही वाईट आहे का?" डॉक्टरणीनं विचारलं.

"नापास झाले," चिमटी म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे."

तिनं बारीक दातांची एक फणी आणली. रोज संध्याकाळी बंडी काढायची, कुत्र्याला खाटेवर घ्यायचं आणि पाठीवरून फणी फिरवायची. फणी कोरडीच यायची. थंडी सरत आली. गल्लीतली बाकीची कुत्री भिंतींना अंग घासायला लागली, गटाराच्या कडेनं त्यांच्या केसांचे पुंजके उडायला लागले. एका कुत्र्याचा पुंजका वाऱ्यानं तिच्या दारात आला तर तिनं तो उचलून बोटांत धरून पाहिला. दुसऱ्याच्या कुत्र्याची लव नेली तरी धाकटीला काय कळणार होतं? पण तिनं तो उंबऱ्याबाहेर टाकला. या बाबतीत ती तशीच होती, बदलली नव्हती.

शेवटी तिनं वॉचमनला गाठलं.

"याचे केस का सुटेनात?"

"असतील तर सुटतील ना. बाई, तुम्ही मुळापर्यंत काढलेत. आता आधी वाढणार, मग भरणार, मग पुढच्या थंडीनंतर सुटणार. वर्ष गेलं समजा."

"वर्ष?"

"कुत्रं आहे ते. घाई केली म्हणून काय होतंय."

ती घरी आली. कुत्र्याला पुढ्यात घेतलं आणि पाठीवर चिमटी लावली. केस होते, करंगळीच्या नखाएवढे. ते डाव्या हातानं पाहिलं तेव्हा कळलं. उजव्या अंगठ्याला काहीच लागलं नव्हतं. तिनं परत लावून पाहिला. फरशीवर बोट ठेवावं तसं. वर्षानं लव येईल, पण ती आल्याचं या हाताला कळेल का? आणि धाकटी त्रेसष्टची. तिच्याही बोटांचं काय चाललं असेल, कोण जाणे. एकीनं विंचरायचं, दुसरीनं वाट बघायची, आणि दोघींच्या बोटांनी मधेच पाठ फिरवायची, असला धंदा तिला परवडणारा नव्हता.

सकाळी तिनं दोन लुगडी, फणी आणि कुत्र्याची थाळी एका पिशवीत भरली. खोलीची किल्ली वॉचमनकडं दिली.

"कधी येणार?" त्यानं विचारलं.

"केस सुटले की."

बसमध्ये कंडक्टर आडवा आला.

"आजी, जनावर चालणार नाही."

"लोकर आहे ती."

"लोकर भुंकतेय."

"कच्चा माल आहे. भुंकणारच."

मागचे लोक हसले. कंडक्टरनं कुत्र्याच्या बंडीकडं पाहिलं, त्याच्या केविलवाण्या कानांकडं पाहिलं, आणि दोघांना शेवटच्या बाकावर बसवलं. पाच तास ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिथं गेल्यावर काय बोलायचं याची तिनं चार वाक्यं जुळवली, आणि उतरेपर्यंत चारही विसरली.

सायकलचं दुकान सापडलं. बाजूनं लोखंडी जिना, वर एक दार, दार उघडं. जिन्याच्या मधल्या पायरीवरच तिला चरख्याचा आवाज आला. एक फेरा, दोन फेरे, मग क्षणभर थांबायचा. तेवढ्यात बोट जिभेला लागत असणार. चिमटीला पाय पुढं टाकवेना. ती तशीच उभी राहून ते थांबणं मोजत राहिली. सातव्यानंतर कुत्रं कंटाळलं आणि दोरी ओढत वर निघालं.

धाकटीचे केस पांढरे झाले होते. तिनं आधी कुत्र्याकडं पाहिलं. चष्मा वर करून, त्याच्या बंडीकडं, कानांकडं, उघड्या शेपटीकडं. मग दोरीवरून नजर वर येत येत हातापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तोंडाकडं तिनं बघितलंच नाही.

"हे काय ध्यान?"

"तुझा माल."

"मी लव आण म्हटलं होतं."

"आणलीय," चिमटी म्हणाली. "अजून त्याच्या अंगातच आहे."

धाकटीनं चाक थांबवलं. बसल्या बसल्या वाकली, बंडीखाली हात घातला आणि कुत्र्याची पाठ चिमटीत धरली. अंगठा एकदा पुढं, एकदा मागं. थोरलीची रीत होती ती, उचललेली.

"वर्ष जाईल."

"वॉचमन पण तेच म्हणाला."

"आणि तोवर?"

हातातल्या पिशवीचं वजन चिमटीनं या हातातून त्या हातात घेतलं. आत थाळी खणकन वाजली.

खाली दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याची टकटक वर येत होती. धाकटीनं पायाशी पडलेली पेळूंची टोपली उचलून मागं सरकवली. दारातून आत येण्याइतकी जागा झाली. मग ती कुत्र्यालाच म्हणाली, "दारात उभं राहू नये. ये आत."

कुत्रं जागचं हललं नाही. दोरी चिमटीच्या हातात होती. तिनं चपला काढल्या.